बोललेलं, लिहिलेलं आणि खरं

ब्रॅकनसाइड, ५ जुलै १९८७

क्लिफ,

सहा वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून लगेच फुगून जाऊ नकोस. मी वाकलेलो नाही. ऑलिव्हचे गुडघे यंदा फारच धरलेत, आणि रविवारी चर्चमधून आली की ती कोट न काढता खिडकीत बसते आणि तुझ्या गावाकडून येणारी बस बघते. चार मैलांवर राहतोस आणि सख्ख्या बहिणीच्या दारात सहा वर्षं पाऊल टाकलेलं नाहीस. तेव्हा हे पत्र तिच्यासाठी आहे असं समज. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

कामाचं असं. आपल्या क्लबचं येत्या सप्टेंबरातलं लीक-प्रदर्शन पन्नासावं. एका कांद्याच्या जातीच्या भाजीसाठी पन्नास वर्षं! कमिटीने ओकच्या लाकडाचा एक फलक करायला टाकलाय. आजवरचे सगळे विजेते, सोनेरी अक्षरांत, बारच्या बरोब्बर वर, म्हणजे ग्लास उचलणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथे जाणारच. त्यावर माझं नाव तीनदा येणार आहे. एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी. लागोपाठ तीन वर्षं ब्रॅकनसाइडमध्ये आजवर कोणालाही जमलेलं नाही, तुझ्या बापालाही नाही, आणि तो काय लीक वाढवायचा हे तुला सांगायला नको. रंगारी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय.

लेन मिडलमास म्हणतो (तुझ्या जागी आता तो सेक्रेटरी आहे, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं) की क्लिफ स्टोबार्टने लेखी माफी मागितली तर जुबिलीच्या निमित्ताने त्याच्यावरची बंदी उठवू. माफी कशाची हे विसरला असशील तर सांगतो. सप्टेंबर एक्क्याऐंशी, बक्षीस समारंभ, हॉल खचाखच भरलेला, कप माझ्या हातात. आणि तू, माझा मेहुणा, खुर्चीवर चढून ओरडलास की हे लीक सेप हेरनने वाढवलेलेच नाहीत, ऑलिव्हने वाढवलेत. नियम तुला तोंडपाठ होता, तूच टाइप केला होतास. लीक सभासदाने स्वतः वाढवलेले असावेत, आणि बाईला सभासद होता येत नाही. म्हणजे तू मला भर सभेत लबाड ठरवलंस. तू माझ्यावर लायबल केलंस, स्लँडर केलंस, कायद्याच्या पुस्तकात असले जेवढे शब्द असतील ते सगळे माझ्यावर केलेस. आणि ते धादांत खोटं होतं.

चार ओळी लिही. ऑलिव्हला भाऊ परत मिळेल, तुला डोमिनोच्या टेबलावरची तुझी खुर्ची परत मिळेल, आणि माझ्या नावाला लागलेला डाग जाईल.

सेप हेरन
(तीन वेळा विजेता)


१७ जुलै

मेहुणेबुवा,

माझंच पत्र मला परत! वर लाल पेन्सिल! लायबल या शब्दाभोवती वर्तुळ, आणि बाजूला: 'बोललो होतो. लिहिलं नव्हतं. डिक्शनरी बघ.' बस्स. ऑलिव्ह कशी आहे नाही, गुडघे कसे आहेत नाही. तीस वर्षं खाणीच्या दिव्यांच्या खोलीत बसून पुस्तकं वाचलीस त्याचा हा माज. आम्ही खाली कोळशात होतो म्हणून आम्हाला शब्द कळत नाहीत, असंच ना?

गेलो मी लायब्ररीत. मुद्दाम गेलो. मिस प्रॉक्टर तुला आठवत असेल, चष्म्याची दोरी गळ्यात घालणारी. तिच्यासमोर तुझी लाल पेन्सिल ठेवली. ती म्हणाली, "मिस्टर हेरन, तुम्ही कोणाला काही बोललात, की तुम्हाला कोणी काही बोललं?"

"मला बोललं."

"इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो," असं म्हणून तिने तो जाडजूड ठोकळा काढला आणि दोन तास माझ्यासोबत बसली. बाई चांगली आहे. तिने मला असं समजावलं की दोन्ही शब्द माणसाचं नाव मातीत घालण्याचेच, पण स्लँडर तोंडाने होतं आणि हवेत विरून जातं. लायबल टिकतं. लिहिलेलं, छापलेलं, रंगवलेलं, एखाद्याचं बुजगावणं करून दारात उभं केलं तर तेसुद्धा. म्हणून कायदा लायबलला जास्त भारी मानतो. बोललेल्याचं नुकसान सिद्ध करावं लागतं, लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा नुकसान झालंच असं धरतात.

तर ठीक आहे, खुर्चीवर उभं राहून तू केलंस ते स्लँडर. मान्य. तुझी लाल पेन्सिल बरोबर. पण जरा थांब, इतक्यात खूश होऊ नकोस. कमिटीने खुलासा मागितला तेव्हा तू काय केलंस? दोन पानं टाइप करून दिलीस, प्रत लेनच्या फडताळात अजून आहे. 'मी जे बोललो ते शब्दशः खरं आहे,' खाली सही, तारीख. ते लिहिलेलं होतं की नाही? मग ते लायबल. म्हणजे तू दोन्ही केलंस, क्लिफ. मी पहिल्याच पत्रात बरोबर होतो, फक्त क्रम चुकला होता.

मिस प्रॉक्टर म्हणाली की इतकं मन लावून डिक्शनरी वाचणारा माणूस तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. हे मुद्दाम कळवतोय.

लीकचं विचारशील तर यंदा तांबेरा पडलाय. गेल्या साली पाऊस नडला, त्याआधी बियाणं. ब्याऐंशीपासून काही ना काही नडतंच. ऑलिव्ह वाफ्याकडे फिरकत नाही. तिला म्हटलं जरा येऊन बघ, पानांवर हे लाल काय आलंय, तर म्हणाली, "विजेता तू आहेस, तूच बघ," आणि पीठ मळत राहिली.

माफीपत्र पाठव.

सेप


२ ऑगस्ट

क्लिफ,

आता या वेळी वर्तुळ 'धादांत खोटं' याभोवती. पहिल्या पत्राची प्रत ठेवली होतीस तर! बाजूला एक प्रश्नचिन्ह, आणि शब्दसुद्धा नाही. हे बरं आहे, मी पानंच्या पानं लिहायची आणि तू शाळामास्तरासारखी पेन्सिल फिरवायचीस.

तुझ्या प्रश्नचिन्हाला उत्तर देतो. मिस प्रॉक्टरने मला आणखी एक शब्द दिलाय, कॅलम्नी. स्लँडर करणारा माणूस कधी कधी चुकलेलाही असतो. काहीतरी अर्धवट पाहतो, त्याला ते खरं वाटतं आणि बोलून मोकळा होतो. कॅलम्नी करणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक असतं. जाणूनबुजून, ठरवून, समोरच्याला खाली आणायला रचलेलं असतं ते. मिस प्रॉक्टर म्हणाली, "पहिल्याला चूक म्हणता येईल, दुसऱ्याला पाप म्हणावं लागतं." आता यातला तू कुठला, हे मी गेले दहा दिवस ठरवतोय. तुझ्या सोयीसाठी पहिला धरतो. तू काहीतरी पाहिलंस आणि चुकीचा अर्थ लावलास.

काय पाहिलंस तेही मला माहीत आहे. शिक्क्याचा दिवस. प्रदर्शनाआधी तू आणि लेन शिक्का आणि शाई घेऊन घरोघर फिरत होतात, कोणी ऐन वेळी बाहेरून लीक आणून मांडू नये म्हणून प्रत्येकाच्या वाफ्यातल्या लीकच्या पानांवर क्लबचा शिक्का मारायला. मी वाफ्याशी टोपी घालून उभा. तुम्ही दोघं वाकलात आणि बराच वेळ उठलाच नाहीत, असे लीक होते ते. माझ्या मनगटाएवढे नाही, क्लिफ, माझ्या पोटरीएवढे. लेन म्हणाला, "देवा रे." आणि तू मला विचारलंस, "सेप, पानं फाटू नयेत म्हणून कशाने बांधलीस?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आतून ऑलिव्हचा आवाज आला, "माझ्या जुन्या मोज्यांनी!" तू हसलास. एवढंच झालं. एवढ्यावरून तू अख्खा निष्कर्ष काढलास?

त्या सालच्या ऑगस्टात मी तीन आठवडे दवाखान्यात होतो, छातीत पाणी झालं होतं, तेव्हा वाफ्याला पाणी घालायला घरात कोणीतरी हवंच होतं की नाही? पाणी घातलं म्हणजे वाढवले असं होत नाही. तुझ्या घरचं दूध दूधवाला आणून देतो, म्हणून तुझी पोरं त्याने वाढवली असं कोणी म्हणतं का?

हे लिहीत होतो तेवढ्यात ऑलिव्ह आली. "कोणाला लिहितोयस?"

"पेन्शनचा फॉर्म आहे."

"पेन्शनच्या फॉर्मवर माणूस एवढा लालबुंद होत नाही," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे चहा ठेवून गेली. तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. स्वच्छ असतात हल्ली. नखांत माती नाही.

पुढे काय लिहायचं होतं ते विसरलो. परत लिहीन.

सेप


२३ ऑगस्ट

क्लिफ,

या वेळी तुझ्या पेन्सिलीची वाट पाहिली नाही. जे झालं ते आधी सांगतो, मग तुला हवी तेवढी वर्तुळं काढ.

गुरुवारी फादर किलकॉइन ऑलिव्हला बघायला आले होते. मी तुमच्या चर्चचा नाही हे त्यांना माहीत आहे, तरी मला टाळत नाहीत. ऑलिव्ह चहा ओतत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, फादर, हे स्लँडर, लायबल, कॅलम्नी, हे सगळे एकाच माळेचे मणी का? ते म्हणाले, सेप, तुझ्या यादीत एक राहिलं. आमच्याकडे एक आणखी आहे, डिट्रॅक्शन. यात माणूस खोटं बोलतच नाही. खरं तेच बोलतो, पण कारण नसताना बोलतो, आणि त्या खऱ्यानेच दुसऱ्याचं नाव जातं. ज्याचं नाव गेलं त्याला वाचवायला काही उरत नाही, कारण खोटं म्हणून सांगायची सोय नसते.

मी मांडीवर थाप मारली. "हेच! फादर, त्याने माझ्यावर हेच केलं! सहा वर्षं मी हाच शब्द शोधतोय!"

ओतायचा चहा थांबला. ऑलिव्हने किटली टेबलावर ठेवली, अगदी हळू. "म्हणजे खरं होतं तर," ती म्हणाली.

फादर छताकडे बघायला लागले.

"सहा वर्षांत पहिल्यांदा बोललास," ती म्हणाली. "तेही एका शब्दाच्या नादात."

"ऑलिव्ह, मला असं म्हणायचं नव्हतं की..."

"म्हणायचं होतंच. नीट बस आणि फादरना बिस्किट दे."

मग फादरनी विचारलं, "क्लिफने ते बोलल्यावर कोणाचं नाव खाली गेलं, सेप?" माझं, मी म्हणालो. "आणि तू हो म्हणाला असतास तर कोणाचं वर आलं असतं?" मी बिस्किटांची बशी पुढे केली. ऑलिव्ह सिंकपाशी पाठ करून उभी होती, खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय हे मला चाळीस वर्षांच्या संसारानंतरही कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तर क्लिफ, आता ऐक. तुला हे सगळं माहीत आहे, पण मी ते माझ्या हाताने लिहिलेलं तू कधी वाचलेलं नाहीस.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात माझी छाती गेली. वाफ्यात वाकलो की दहा मिनिटं खोकायचो. ऑलिव्ह म्हणाली तू पायरीवर बसून सांग, मी करते. पहिला महिनाभर मी सांगितलं. नंतर तीच मला सांगायला लागली. मेंढीच्या लेंड्यांचं पाणी मी दर आठवड्याला घालायचो. ती म्हणाली लहान असताना थोडं, बाळसं धरल्यावर जास्त, आणि शेवटचे पंधरा दिवस बंद, नाहीतर बुडखा फुटतो. कुठून कळलं विचारलं तर म्हणाली, "पोरं वाढवलीत मी." रोज सकाळी शिवणाची टेप घेऊन प्रत्येक लीकचा घेर मोजायची आणि पिठाच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलने लिहायची. गारपिटीच्या दिवशी अंगावरचा कोट काढून वाफ्यावर धरून उभी राहिली, ब्लाउजवर, भर गारांत, आणि मी दारातून ओरडत होतो की न्यूमोनिया होईल. "मला झाला तर डॉक्टर आहे, यांना झाला तर कोण आहे?" हे तिचं उत्तर.

शेवटच्या वर्षी प्रदर्शनात मांडलेली लीकची जोडी एकशे बारा घन इंच भरली. एकशे बारा! मोजणारा दोनदा मोजून तिसऱ्यांदा मोजायला लागला. आणि मी टोपी मागे सरकवून सगळ्यांना सांगत होतो की खरी किमया धुराड्यातल्या काजळीच्या खतात आहे. काजळी! आमच्या वाफ्यात चमचाभर काजळी कधी गेली नाही.

का नाही सांगितलं, ते मी स्वतःला बरेच दिवस नियमाच्या नावावर सांगत होतो. सभासदाने स्वतः वाढवावेत, बाई सभासद नाही, सांगितलं की कप गेला. पण ते तेवढंच नाही. छाती गेली, खाण सुटली, पोरं दूर गेली, आणि एवढं एकच राहिलं होतं की बारमध्ये शिरलो की माणसं सरकून जागा द्यायची. तेही बायकोच्या हातचं आहे म्हटलं असतं तर मी उभा कशावर राहिलो असतो? हे कारण म्हणून चालेल असं मी म्हणत नाही. होतं ते सांगतोय.

आणि ती संध्याकाळ. सहा वर्षं मी ती लोकांना सांगताना एक गोष्ट गाळत आलोय. मिस प्रॉक्टरने 'मलाइन' शब्द दाखवला तेव्हाच मला ती बोचली होती. मलाइन म्हणजे मनात विष ठेवून वाईट बोलणं. मी तो शब्द तुला लावून बघितला आणि तो लागेना. कारण तुझा चेहरा आठवला. तू खुर्चीवर चढलास तेव्हा तुझ्या हातात भरलेला ग्लास होता आणि तू हसत होतास. कानापर्यंत. तू ओरडलास, "अरे, कप कोणालाही द्या, पण ग्लास माझ्या बहिणीसाठी उचला! हे लीक ऑलिव्हचे आहेत!" तू मला खाली ओढत नव्हतास. तू तिला वर घेत होतास, आणि मी मध्ये उभा होतो. कोणीतरी हसलं. आणि मी, हातात कप, म्हणालो, "हा दारू पिऊन खोटं बोलतोय. माझ्यावर जळतो."

सोमवारी मी तेच लिहून दिलं आणि सही केली. लेनच्या फडताळात तुझ्या दोन पानांवर माझं एक पान टाचलेलं आहे.

तर बघ. तोंडाने बोललो, ते स्लँडर. लिहून सही केली, ते लायबल. आणि खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, त्याला मिस प्रॉक्टर काय म्हणते ते मी तुला मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलंय. तिन्ही माझेच निघाले. तुला लावायला मी दोन महिने डिक्शनरी चाळली, आणि तुझ्या मापाचा एकही शब्द त्यात नव्हता.

ऑलिव्हला विचारलं, तू तेव्हा का नाही बोललीस? म्हणाली, "भावाने तुला खोटं पाडलंच होतं. बायकोनेही पाडायचं? मला वाटलं आठवडाभरात तू स्वतःच सांगशील. मग महिन्याभरात. मग मी वाफ्यात जायचं बंद केलं, म्हटलं आता तरी कळेल." तुम्ही दोघं दर नोव्हेंबरात आईच्या थडग्यापाशी भेटता हे मला माहीत आहे. तिथेही ती माझ्याबद्दल वाईट बोलली नसणार.

माफी तुझ्याकडून मागत होतो. आता मी मागतोय. लाल पेन्सिल लावायची असेल तर लाव.

सेप


१६ सप्टेंबर

क्लिफ,

तुझं पाकीट आलं. या वेळी पत्र परत आलं नाही. नुसताच कागद, त्यावर 'मग कमिटीला सांग.' बरोबर आहे, चार मैलांवरून एकट्या तुला सांगणं सोपं होतं.

काल रात्री कमिटीची बैठक होती. आज रंगारी यायचा होता. मी तोंडी बोलायच्या भानगडीत पडलो नाही, तोंडाचं मला आता नीट कळलंय. लिहून नेलं, मोठ्याने वाचलं, सही केली, आणि एक प्रत नोटीस बोर्डावर टाचली, डार्ट्सच्या वेळापत्रकाशेजारी. एकोणऐंशी, ऐंशी आणि एक्क्याऐंशी सालचे लीक माझ्या बायकोने, ऑलिव्ह हेरनने, वाढवले. क्लिफ स्टोबार्ट खरं बोलला. मी जाणूनबुजून खोटं बोललो आणि खोटं लिहिलं.

लेन म्हणाला, "सेप, तू कागद घरी घेऊन जा आणि झोप काढ. सहा वर्षं झाली. कोणाला पडलंय?"

"मला पडलंय," मी म्हणालो, "आणि माझ्या घरात आणखी एकीला."

मग जे व्हायचं ते झालं. तिन्ही वर्षांचे निकाल रद्द. तुझ्यावरची बंदी कालपासून उठली, माफीबिफी काही नाही, लेनने स्वतः नोंद केली. माझ्यावर एक वर्षाची बंदी, आणि मी हात वर करून त्या बंदीच्या बाजूने मत दिलं. मला मत नव्हतं असं नंतर कळलं.

पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. त्या तीन वर्षांच्या ओळींत कोणाचं नाव घालायचं? नियमाने दुसऱ्या क्रमांकाचं. ऐंशी साली दुसरा खुद्द लेन होता. तो उभा राहिला, मान लाल झाली होती, आणि म्हणाला, "मी तिथे होतो. माझी जोडी तिच्या जोडीशेजारी ठेवली होती. ज्या लीकने मला हरवलं त्याच्या जागी माझं नाव सोनेरी अक्षरांत लावून मी रोज त्याखाली बिअर पिऊ? मी नाही लावणार." बाकी दोन वर्षी दुसरे आलेलेही नाहीच म्हणाले. बाईचं नाव घालायला नियम नाही, आणि नियम बदलायला वार्षिक सभा लागते. मग ठरलं की ओळी मोकळ्या ठेवायच्या. साल लिहायचं, पुढे काही नाही.

आज दुपारी रंगारी काम आटोपून गेला. मला आत जाता येत नाही, पण लेनने फलक दाराशी आणून दाखवला. त्या तीन मोकळ्या ओळी एवढ्या मोठ्या दिसतात म्हणून सांगू! बाकीच्या नावांकडे कोणी बघतच नव्हतं. जो येईल तो तिथे बोट ठेवायचा. "हे कोण?" आणि ज्याला माहीत होतं तो सांगायचा, "ऑलिव्ह हेरन. एकशे बारा घन इंच." मी दारात उभा राहून चौदा जणांना हे सांगताना ऐकलं. मोजले.

घरी येऊन ऑलिव्हला सांगितलं. ती म्हणाली, "एकशे बारा नव्हे, साडेबारा. मोजणाऱ्याने अर्धा खाल्ला." उठली, माझे बूट घातले आणि वाफ्याकडे गेली. तांबेऱ्याची पानं बघून तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, ते लायबल होईल.

आता तुझं काम. शनिवारी प्रदर्शन आहे. बाईला आत जायचं तर सभासदासोबतच जाता येतं आणि मी वर्षभर सभासद असून नसल्यासारखा. तू आहेस. दीडच्या बसने ये. तिने निळा कोट इस्त्री करून ठेवलाय, विचारलं तर मुळीच नाही म्हणेल. गुडघे दुखतात, पायऱ्या आहेत, हात धर. तिला सरळ त्या फलकाखाली घेऊन जा आणि तिला हवा तेवढा वेळ उभी राहू दे.

मी रस्त्यापलीकडच्या भिंतीवर बसेन. सोबतीची गरज नाही, आज सकाळी ब्रेडच्या दुकानात रांगेत होतो तर मागून एक पोरगी आईला हळूच विचारत होती, हा कोण गं? आई म्हणाली, तो ऑलिव्हचा नवरा. मी मागे वळून टोपी काढली, क्लिफ, आणि म्हणालो, हो, मीच तो.

सेप